एकशे चार डॉलर आणि बाबांचा गुडघा

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. सासू-सासरे पाच महिने झाले आलेत, तीन आठवड्यांनी परत जातील, त्याआधी सगळ्यांनी मिळून न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियम बघावं असं मला फार वाटतंय. नवऱ्याने त्याची एक्सेल शीट केलीये, सकाळी १० ते ५, दर गॅलरीला १२ मिनिटं. बाबा ७४ चे, गुडघा दुखतो, आणि म्हणतात "दगडाच्या मूर्ती बघायला एवढ्या लांब कशाला, त्या आपल्याकडे शेतात निघतात". आई ६९ च्या, कुठेही यायला तयार पण दमल्या तरी तोंडाने सांगणार नाहीत. मुलगा ९ वर्षांचा, दहाव्या मिनिटाला बोअर होतं त्याला. गेल्या महिन्यात असंच एका ठिकाणी गेलो होतो तर परतताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. पाच जणांचं तिकीट शंभर डॉलरच्या वर जातंय आणि ते वाया जाईल याची धास्ती वाटते. जावं का? कसं जावं? (मला स्वतःला चित्रांची आवड होती, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही ए ग्रेडने पास झालेय, इथे सहा वर्षं आहे पण अजून एकदाही मेटला गेले नाही. पण ते असो.)
दमलेली सून

अगं दमलेल्या सूनबाई, जा. जाच. त्या कंसातल्या ओळींकडे मी शेवटी येणार आहे, त्या मला दिसल्या नाहीत असं समजू नकोस.

आधी ती एक्सेल शीट. ती डिलीट कर असं नवऱ्याला सांगायला जाऊ नकोस, उगाच इगोचा प्रश्न होईल, त्यापेक्षा त्याच्याच भाषेत त्याला हिशोब विचार. १२ मिनिटांनी एक म्हणजे सात तासांत ३५ गॅलऱ्या, त्याही मध्ये कोणी बाथरूमला गेलं नाही, कोणी खाल्लं नाही आणि कोणी रस्ता चुकलं नाही तर. आणि तिथे दारांवरचे गॅलऱ्यांचे नंबर ९०० च्या पुढे जातात, मधले बरेच नंबर गाळलेले आहेत तरीसुद्धा. म्युझियमकडे १५ लाखांच्या आसपास वस्तू आहेत (सगळ्या मांडलेल्या नसतात, पण मांडलेल्याही काही कमी नाहीत), आणि बिल्डिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ ४०० मीटर, म्हणजे नुसतं जाऊन परत आलं तरी बाबांच्या गुडघ्याला पाऊण किलोमीटर झाला, बघणं अजून सुरूच व्हायचंय. "कव्हर करणं" हा प्रकार इथे होऊ शकत नाही, कोणालाच होत नाही, तिथे नोकरी करणाऱ्यांनाही नाही.

पंढरपूरला कसं मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी असते, तसं आहे हे. तुझ्या नवऱ्याला तेहतीस कोटींचं मुखदर्शन एका दिवसात उरकायचंय. मी म्हणते पाच जण आहात तर पाच ठिकाणं निवडा, प्रत्येकाचं एक, आणि तिथे नीट थांबा, बसा, गप्पा मारा, बाकीचं वाटेत दिसलं तर दिसलं. अडीच तास, फार तर तीन. तेवढ्यात बाहेर. लोक दमलेले असताना बाहेर पडायचं नसतं गं, अजून थोडं बघावंसं वाटतंय तेव्हा पडायचं असतं, नाहीतर ती गाडीतली शांतता परत येतेच.

आता पैसे, कारण खरं घोडं तिथेच पेंड खातंय. मोठ्यांना ३० डॉलर, ६५ च्या वरच्यांना २२, १२ च्या आतल्या पोरांना फुकट. म्हणजे तुम्ही दोघं ६०, आई-बाबा ४४, एकूण १०४. आता तुला कोणीतरी मैत्रीण नक्की सांगेल की अगं खिडकीवर एक डॉलर दे, ते घेतात, मनाला येईल तेवढं द्यायचं असतं. ते खरं होतं, पण २०१८ च्या मार्चपर्यंत. तेव्हापासून ती सवलत फक्त न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना आणि न्यू जर्सी, कनेक्टिकटच्या विद्यार्थ्यांना आहे, आणि तुमचा विद्यार्थी तसाही फुकटच जातोय. क्वीन्समधल्या चुलत दिराचं लायसन्स मागून आणायचं वगैरे डोक्यात आलं असेल तर काढून टाक. १०४ म्हणजे १०४. आणि एकदा ते भरले की त्यांच्याकडे मागे वळून बघायचं नाही. मागच्या वेळी तुमचं जे बिनसलं ते मला न सांगता कळलंय, पैसे दिलेत तर सगळं बघूनच जायचं असं कोणीतरी म्हणालं असणार, आणि मग तिसऱ्या तासाला बाबांचा चेहरा, आईंचं गप्प होणं, पोराची भुणभुण आणि तुझं मध्येच सँडविच. पैसे वसूल करायच्या नादात माणसं वसूल होतात.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या सासूबाईंना मी एका मोठ्या म्युझियममध्ये (कुठलं ते जाऊ दे) साडेपाच तास फिरवलं होतं, आणि त्या शेवटपर्यंत "छान आहे हो" म्हणत होत्या. घरी आल्यावर त्यांनी सँडल काढले तेव्हा टाचा सोललेल्या होत्या. मी विचारलं अहो बोलला का नाहीत, तर म्हणाल्या तू एवढी हौसेने दाखवत होतीस. त्यामुळे तुझ्या आई "मी ठीक आहे" म्हणाल्या की ते उत्तर धरायचं नाही, दर वीस-पंचवीस मिनिटांनी तूच म्हणायचं, मी दमले, जरा बसूया.

कधी जायचं. बुधवारी बंद असतं, हे खूप जण विसरतात आणि दारातून परत येतात. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी पण बंद, त्या दिवशी तिथे मेट गाला असतो, ते विचित्र कपडे घालून पायऱ्या चढतात तोच. शुक्रवार-शनिवारी रात्री ९ पर्यंत, बाकीच्या दिवशी १० ते ५. तुम्हाला पोराच्या शाळेमुळे वीकेंडच जमणार, तर रविवारी १० ला दार उघडताना हजर व्हा, दुपारची गर्दी आत यायला लागेल तेव्हा तुम्ही निघायच्या बेतात असाल. तिकीट ऑनलाइन काढून ठेव, तिकिटाची रांग वाचते, सिक्युरिटीची रांग मात्र सगळ्यांना असतेच.

कसं जायचं यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आईवडिलांना घेऊन जाताना अर्धा दिवस इथेच जिंकतो किंवा हरतो. ट्रेनने पेन स्टेशनला येऊन पुढे सबवे, हे तुम्हा दोघांना ठीक, पण न्यूयॉर्कच्या कितीतरी सबवे स्टेशनांना लिफ्टच नाही, आणि बाबांचा गुडघा जिन्यातच संपेल. टॅक्सी केलीत तर साध्या पिवळ्या टॅक्सीत चारच जण बसतात, तुम्ही पाच, म्हणजे मोठी गाडीच शोधावी लागेल, नाहीतर दोन. त्यापेक्षा रविवारी सरळ आपली गाडी काढा. मॅनहॅटनमध्ये ६० व्या स्ट्रीटपासून खाली गाडी नेली तर जानेवारी २०२५ पासून कंजेशनचे पैसे लागतात, दिवसा ९ डॉलर, पण मेट ८२ व्या स्ट्रीटवर आहे, म्हणजे त्या हद्दीच्या वर. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवरून आलात की तो भुर्दंड नाही, थोडा वळसा पडतो आणि पुलाचा टोल आहेच. म्युझियमचं स्वतःचं पार्किंग गॅरेज आहे, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ८० वा स्ट्रीट. स्वस्त नाहीये, पण हा खर्च तू गुडघ्याच्या खात्यात टाक, चित्रांच्या नको.

आणि ते फोटोतले भव्य दगडी जिने, त्यांच्यावर फोटो काढायचा तर बाहेर पडताना काढा. आत शिरताना ८१ व्या स्ट्रीटजवळ रस्त्याच्या लेव्हलला दुसरं दार आहे, तिथून पायरी न चढता आत आणि मग लिफ्टने वर. कोट-बॅगा जमा करायची जागा आहे, तिथेच व्हीलचेअर फुकट मिळते, जो आधी येईल त्याला. आता बाबा व्हीलचेअर म्हटल्याबरोबर "मला काय धाड भरलीये" म्हणणार, माहितीये मला. त्यांना बसायला सांगूच नकोस. खुर्ची घे, त्यात सगळ्यांची जॅकेटं टाक, आणि नातवाला ढकलायला दे, नातू खूश. अर्ध्या-पाऊण तासाने बाबा स्वतःच म्हणतील की नीट ढकलता येत नाही त्याला, थांब मी बसून वजन देतो. (पाठीवरची सॅक आत पाठीवर ठेवू देत नाहीत, पुढे छातीशी घ्यायला लावतात, म्हणून सॅक आणूच नका.)

आता पाच जणांची पाच ठिकाणं. मी सुचवते, तू बदल.

पोरापासून सुरुवात कर, त्याचा पेट्रोल टँक सगळ्यात लहान. आत आल्यावर ग्रेट हॉल, म्हणजे मुख्य दारातलं मोठं दालन, त्याच्या उजवीकडे इजिप्त. तिथे विल्यम नावाचा एक निळा पाणघोडा आहे, जेमतेम वीतभर लांबीचा, जवळजवळ ४००० वर्षांपूर्वीचा, अंगावर कमळं काढलेली. पोराला सांग की त्या पाणघोड्याच्या चार पायांपैकी तीन पाय नंतर बसवलेले आहेत, आणि का ते त्यालाच ओळखायला लाव. उत्तर असं की तो थडग्यात ठेवलेला होता, आणि मेलेल्या माणसाला मरणानंतरच्या जगात या पाणघोड्याने त्रास देऊ नये म्हणून तेव्हाच्या लोकांनी मुद्दाम त्याचे पाय मोडून ठेवले होते. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. त्याला आधी घरी फोनवर फोटो दाखव आणि तिथे गेल्यावर शोधायचं काम त्याचं. मग चिलखतांचा विभाग, तिथे घोड्यांनासुद्धा लोखंडी चिलखतं घालून वर स्वार बसवलेत, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं चिलखत आहे, आणि तो कसा जाडजूड झाला होता ते त्याच्यावरून कळतं. तिथून पुढे अमेरिकन विभागात जॉर्ज वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतोय ते अवाढव्य चित्र, १८५१ चं, बारा फूट उंच आणि एकवीस फूट रुंद, त्याने शाळेच्या पुस्तकात पाहिलंच असेल. त्याला म्हणावं यात चूक शोध. बोटीत जो ताऱ्यांचा झेंडा दाखवलाय तो ठरला १७७७ ला, आणि नदी ओलांडली १७७६ च्या ख्रिसमसच्या रात्री. सोमवारी शाळेत टीचरला सांगायला जाईल बघ.

इजिप्तच्या शेवटी डेंडूरचं देऊळ आहे, आणि हे मी नवऱ्याच्या नावावर टाकते कारण त्याला आकडे आवडतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं आख्खं दगडी देऊळ, ८०० टन, ६६१ खोक्यांत भरून इजिप्तमधून आणलेलं. आस्वानचं मोठं धरण बांधलं तेव्हा हे पाण्याखाली जाणार होतं, बाकीची देवळं वाचवायला अमेरिकेने मदत केली म्हणून इजिप्तने १९६५ मध्ये हे भेट दिलं, आणि १९७८ पासून ते इथे उभं आहे, पुढे पाणी, बाजूला तिरकी काचेची भिंत आणि पलीकडे सेंट्रल पार्क. बाबांना इथे उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं देऊळ आठवेल, पाणी उतरलं की वर येतं ते. आठवलं नाही तर तू आठवण करून दे आणि मग गप्प बस, ते बोलतील. इथे बसायलाही जागा आहे, माझं मत विचारशील तर या पाण्याकाठी वीस मिनिटं नुसतं बसा. आणि पोराला देवळाच्या भिंतीवर नावं शोधायला सांग, एकोणिसाव्या शतकात तिकडे फिरायला गेलेल्या गोऱ्या साहेबांनी आपली नावं आणि सालं तिथे खोदून ठेवलीत, अगदी आपले लोक गडावर बाण मारलेला बदाम काढतात तसंच. हा रोग जुना आहे आणि जगभरचा आहे.

आता बाबा. "मूर्ती आपल्याकडे शेतात निघतात" हे ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत हं, आणि त्यांच्याशी वाद घालू नकोस. तू लिहिलं नाहीस पण त्या वाक्यावरून मला वाटतं घरी शेती असणार, असेल तर बाबांना मूर्तींकडे नेऊच नकोस आधी, दुसऱ्या मजल्यावर युरोपियन चित्रांत ने आणि पीटर ब्रूगलचं 'द हार्वेस्टर्स' शोध. १५६५ चं आहे, म्हणजे इकडे ज्या वर्षी विजयनगर पडलं त्याच वर्षीचं. चार फूट बाय सव्वापाच फूट. सुगीचे दिवस, गव्हाचं पिवळंधमक शेत, अर्धी माणसं अजून कापतायत आणि अर्धी झाडाखाली भाकरतुकडा खायला बसलीत, एकजण तर पाय फाकवून गाढ झोपलाय, बायका पेंढ्या वाहून नेतायत, आणि पिकातल्या पायवाटेने एकजण हातात भांडी घेऊन येतोय. यात देव नाही, राजा नाही, कोणी मरत नाही, नुसती दुपार आहे. कापणीच्या दिवसांत दुपारी बांधावर बसून ज्याने भाकरी खाल्लीये त्याला या चित्राची माहिती वाचून दाखवायला लागत नाही, उलट तोच तुम्हाला सांगेल की तो झोपलेला का झोपलाय आणि त्याला आता कोण शिव्या घालणार आहे. ब्रूगलने वर्षातल्या ऋतूंवर अशी सहा चित्रं केली होती, पाच उरलीत, तीन व्हिएन्नात आणि एक प्रागला आहे, हे इथलं पाचवं. खुर्ची चित्रासमोर लाव आणि तुम्ही बाकीचे दहा मिनिटं कुठेतरी निघून जा. खरंच जा. माणसाला चित्राजवळ एकटं सोडलं तर तो बघतो, चार जण त्याच्या चेहऱ्याकडे आवडलं का म्हणून बघत उभे राहिले तर तो फक्त मान डोलावतो.

आईंसाठी त्याच मजल्यावर भारताची दालनं. तिथे चोळांच्या काळातली पंचधातूसारखी दिसणारी यशोदा आहे, मांडीवर बाळकृष्ण, बाराव्या शतकाच्या सुरुवातीची, मुद्दाम शोधावी अशी. नटराज आहे, पार्वती आहे, आणि गुजरातेतल्या पाटणच्या जैन मंडपाचं सोळाव्या शतकातलं सागवानी छत आहे, मान वर करून बघायचं, नाचणारे, वाजवणारे, सगळे गोल गोल चढत गेलेले. आई नटराजासमोर हात जोडतील, जोडू देत, कोणी काही बोलत नाही. फक्त पायाला हात लावायला जातील तेवढं सांभाळ, माझ्या सासूबाई गेल्या होत्या आणि गार्ड असा ओरडला की आम्ही सगळेच दचकलो.

इथे बाबा म्हणणार, हे सगळं उचलून आणलंय. म्हणू देत, आणि गप्प करू नकोस, पोरासमोर होऊ दे ती चर्चा. पाटणचं लाकूडकाम लॉकवुड डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन डिझायनरकडून आलं, त्याने आणि त्याच्या भावाने १९१६ मध्ये ते म्युझियमला देऊन टाकलं, आणि तो भाऊ तेव्हा म्युझियमचाच अध्यक्ष होता. आणि दुसरी बाजूही सांग, २०२३ मध्ये मेटने १५ शिल्पं भारताला परत करत असल्याचं जाहीर केलं, ती चोरून बाहेर काढलेली होती म्हणून. बाबांना हा विषय पाणघोड्यापेक्षा जास्त आवडेल अशी माझी पैज.

एक गोष्ट घरूनच करून निघ. मेटच्या वेबसाइटवर वस्तूचं नाव टाकलं की ती सध्या मांडलेली आहे का आणि कुठल्या नंबरच्या गॅलरीत ते लिहिलेलं असतं. ते आदल्या दिवशी बघ कारण वस्तू हलवतात, उसन्या देतात, दालनं दुरुस्तीला काढतात. ते नंबर एका कागदावर लिही, फोनमध्ये नको, कागदावर, आणि तो कागद पोराच्या हातात दे. शेजारी बाथरूम कुठे आहे तेही नकाशात बघून लिहून ठेव, ६९ आणि ७४ च्या माणसांना हे विचारायची लाज वाटते आणि ते पाणी प्यायचंच बंद करतात. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरायची पण गरज नाहीये, नवरा आणि पोरगा चिलखतात रमले तर तुम्ही तिघं वर जा, भेटायची जागा आणि वेळ ठरवून.

खाणं गॅलरीत चालत नाही. आत कॅफे आहेत, पण तू डबा आणणार हे मला दिसतंय, तर तो गाडीत ठेव आणि बाहेर आल्यावर मागे सेंट्रल पार्कात बाकावर उघड. फोटो काढू देतात, फ्लॅश नाही, सेल्फी स्टिक नाही. आणि नवऱ्याच्या शीटमध्ये दुपारनंतर 'क्लॉइस्टर्स' असं लिहिलेलं असेल, कारण त्याच दिवशी तेच तिकीट तिथेही चालतं हे त्याने वाचलं असणार. ते मेटचंच दुसरं म्युझियम, मॅनहॅटनच्या पार वरच्या टोकाला आहे. सुंदर आहे, मध्ययुगातल्या मठांचे तुकडे जोडून बांधलंय. नाही. त्या दिवशी नाही.

तर आता तो कंस. तुझ्या पत्रात सगळ्यांच्या आवडीनिवडी, गुडघे, कंटाळे नीट मांडलेत आणि तुझं स्वतःचं कंसात टाकून वर "पण ते असो" म्हणालीस. पाच ठिकाणं म्हणाले ना मी, चारच झालीत मोजून बघ. पाचवं तुझं, आणि ते रविवारी होणार नाही. रविवारी तुझं लक्ष आईंच्या टाचांवर, बाबांच्या गुडघ्यावर आणि पोराच्या हातांवर असणार, आणि ते तसंच असू दे, तो दिवस त्यांचा आहे. पण आई-बाबा अजून तीन आठवडे आहेत, पोराला बघायला घरात दोन माणसं आहेत, आणि नवऱ्याला कुकर लावता येतो असं मी गृहीत धरते. तर त्यातल्या एका शुक्रवारी तू एकटी जा. ३० डॉलर अजून एकदा, हो. ट्रेनने पेन स्टेशन, तिथून ई ट्रेनने लेक्सिंग्टन-५३, मग ६ नंबरची ट्रेन पकडून ८६ वा स्ट्रीट, पुढे चालत फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू. पाचच्या सुमाराला पोचलीस तर ९ पर्यंत वेळच वेळ आहे, बंद व्हायच्या थोडं आधीच गार्ड लोक हळूहळू बाहेर वळवायला लागतात तेवढं लक्षात ठेव.

पर्समध्ये छोटं स्केचबुक आणि पेन्सिल टाक, पेन नाही, शाई आत चालत नाही, पेन्सिल चालते. आणि व्हर्मीर या डच चित्रकाराकडे जा. त्याची जगात उरलेली चित्रंच पस्तिसेक, त्यातली पाच इथे आहेत. पाचही बघू नकोस. ती पाण्याची झारी धरून खिडकी उघडणारी बाई आहे ना, १६६२ च्या आसपासची, अमेरिकेत आलेलं त्याचं पहिलं चित्र, तिच्यासमोर थांब. डोक्यावर पांढरं कापड, डावीकडून उजेड. तुला आठवत असेल वस्तुचित्राच्या पेपरला तांब्या-पेला मांडून ठेवायचे आणि तांब्याच्या पोटावरचा उजेड काही केल्या जमायचा नाही, खोडून खोडून कागद फाटायचा. इथे त्या झारीखाली जे तबक आहे त्याच्या बुडाकडे बघ, टेबलावरच्या गालिच्याचा लाल रंग त्यात कसा उतरलाय ते. मग तुझी पेन्सिल काढ.

आणि घरून फोन आला की डाळ कुठल्या डब्यात आहे, तर सांग आणि फोन ठेव.